नंबर सांगा, मग बिल काढतो! : ग्राहक कायदा, प्रायव्हसी आणि आपण खान्देशी

(या भागाची लेखी प्रत. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

एसटीच्या खिडकीत बसून ऐकणारे, होस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत ऐकणारे, शेतात मोटार चालू करून बांधावर बसलेले, सगळ्यांचं स्वागत.

आज आधी एक हिशोब करू. गेल्या महिनाभरात तुम्ही तुमचा मोबाईल नंबर किती ठिकाणी दिलात? कपड्याच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, क्लासच्या चौकशीला, गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलला काच लावताना, लग्नाच्या हॉलवर लकी ड्रॉची चिठ्ठी भरताना. बोटं पुरणार नाहीत. आणि त्यातल्या किती ठिकाणी तुम्ही विचारलंत, की भाऊ, नंबर कशाला पाहिजे?

आपल्याकडे असं विचारायची पद्धतच नाही. खान्देशात माणूस नाव, गाव, आडनाव, मामाचं गाव सगळं सांगून मोकळा होतो. समोरच्याने विचारलं आणि आपण नाही म्हटलं, तर आपणच तुसडे ठरतो. ओळखीतून कामं होतात, हे खरंच आहे. पण काउंटरवर नंबर मागणारा मुलगा तुमची ओळख काढत नसतो. तो संगणकातला रकाना भरत असतो. तो रकाना पुढे कुणाकुणाकडे जातो, हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

मागे धुळ्यात मी चष्मा करायला टाकला. नंबर द्यावा लागला, ते बरोबरच होतं, चष्मा तयार झाला की कळवणार कसं? पण पुढच्या आठवड्यापासून मला आरोग्य विम्याचे फोन सुरू झाले. त्यांना माझं नाव माहीत होतं, आणि चष्मा घेतलाय हेही माहीत होतं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण माहिती तिथूनच गेली हे मी सिद्ध केलेलं नाही. तो सिद्ध करण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे बोलणार आहे.

पहिली गोष्ट: ग्राहक कायद्यात प्रायव्हसी आहे

प्रायव्हसी म्हटलं की आपल्याला वाटतं, हा पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचा विषय. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ घ्या. हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ चा जुना कायदा बदलला. त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणजे काय याची मोठी व्याख्या आहे, कलम २(४७). खोटी जाहिरात वगैरे आपल्याला माहीत असतं. पण त्याच व्याख्येत शेवटाकडे दोन गोष्टी आहेत, त्या आज लक्षात ठेवा.

एक, विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि दोन, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आता हे दोन मुद्दे एकमेकांशेजारी ठेवा. ‘नंबर दिल्याशिवाय सिस्टीममधून बिल निघत नाही’ असं कुणी म्हणालं, तर तो काय म्हणतोय? बिल देणार नाही असंच म्हणतोय ना? सिस्टीम त्याची आहे. ती कशी चालवायची हा त्याचा प्रश्न. बिल हा तुमचा हक्क. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना यासाठीच सूचना केली होती, की बिलासाठी ग्राहकाकडे मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका.

म्हणून काउंटरवर भांडायची गरज नाही. एवढंच म्हणायचं, ‘दादा, नंबर द्यायचा नाही, कागदावर बिल द्या.’ शांतपणे. दहापैकी बऱ्याच वेळा तो मुलगा दहा शून्यं टाकतो आणि बिल काढून देतो. म्हणजे सिस्टीमला नंबर लागतच नव्हता!

आणि कच्च्या बिलाचं काय? आपल्याकडे अजून चालतं, ‘पक्कं घेतलं तर जीएसटी लागेल भाऊ.’ मंडळी, कच्च्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव नसतं, तारीख नसते. उद्या मोबाईल बिघडला, मिक्सर जळला, तर तुमच्या हातात काहीच नाही. पक्कं बिल घ्या.

माहिती कुठे द्यावीच लागते

आता दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. सगळीकडे ‘माझी प्रायव्हसी, माझी प्रायव्हसी’ करून चालत नाही. काही ठिकाणी कायदाच माहिती मागतो.

जळगाव म्हटलं की सोनं. लग्नसराईत बाहेरगावची माणसं आपल्या सराफ बाजारात येतात. तिथे एका व्यवहारात २ लाखांपेक्षा जास्त खरेदी केली, तर पॅन द्यावा लागतो. तो आयकराचा नियम आहे, सराफाची हौस नाही. बँकेत खातं उघडताना केवायसी लागतं. सिमकार्ड घेताना ओळखपत्र लागतं.

पण तिथेही एक प्रश्न विचारायचाच. जेवढं लागतं तेवढंच मागताय ना? ८ हजारांच्या कानातल्यांसाठी आधारची झेरॉक्स कशाला? आधारच द्यायचं ठरलं, तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि फक्त शेवटचे चार दिसतात. आधारच्या वेबसाईटवरून फुकट डाउनलोड होतं. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला.

आणि सोन्याच्या दुकानात तुम्ही माहिती देता, तशी मागूनही घ्या की! दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी कोरलेला असतो. हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही, हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप फोनमध्ये टाका, दुकानात उभ्या उभ्या तो क्रमांक तपासा. आईसोबत, ताईसोबत खरेदीला जाल तेव्हा हे काम तुमचं.

नवा कायदा: आला आहे, पण पूर्ण आलेला नाही

आता मोठ्या कायद्याकडे येऊ. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. इंग्रजीत त्याला डीपीडीपी म्हणतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आणि त्या नियमांसोबत मुदत आली. डेटा संरक्षण मंडळाच्या तरतुदी लगेच लागू, पण संमती, सूचना, माहिती पुसून टाकण्याचा हक्क या मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिने. म्हणजे मे २०२७.

त्यामुळे रीलवर कुणी सांगत असेल, की ‘आता दुकानदाराने नंबर मागितला तर २५० कोटी दंड’, तर ते धरून चालू नका. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, तीही माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर. आणि त्या जबाबदाऱ्या अजून लागू व्हायच्या आहेत.

तरी हा कायदा समजून घ्या, कारण त्यातली उदाहरणं अगदी आपल्या रोजच्या जगण्यातली आहेत. कायद्यातच दिलेलं एक उदाहरण सांगतो. एक बाई औषधाच्या दुकानात जाते. पैसे मिळाल्याचा मेसेज मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर देते. तर दुकानाने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरायचा. पावतीसाठी दिलेला नंबर पावतीपुरता.

दुसरं उदाहरणही कायद्यातलंच. एक ॲप डॉक्टरचा सल्ला देतं आणि त्यासोबत तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागतं. तुम्ही दोन्हीला ‘अलाऊ’ दाबलं. तरी कायदा म्हणतो, डॉक्टरच्या सल्ल्याला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही, म्हणून तुमची संमती सल्ल्यापुरतीच धरायची. म्हणजे ‘तुम्हीच तर अलाऊ केलं होतं’ हा बचाव चालणार नाही. संमतीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागेल, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे.

पण नुकसान आपलं, दंड सरकारचा

इथे मला एक गोष्ट खटकते, आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी. नव्या कायद्यात मंडळ कंपनीला दंड करेल. तो दंड कुठे जाणार? भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली, ज्याला त्रास झाला, त्याला या कायद्यातून भरपाई नाही.

आत्तापर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३अ नावाचं कलम होतं, आजही आहे. संवेदनशील माहिती, म्हणजे बँकेचे तपशील, पासवर्ड, आरोग्याची माहिती, नीट न सांभाळल्यामुळे नुकसान झालं, तर कंपनीकडून भरपाई. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे त्याचे निवाडा अधिकारी. म्हणजे आपल्यासाठी मुंबईत मंत्रालयात. हे कागदावरचं नाही बरं का. २०१३ मध्ये त्यावेळचे सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले होते. खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. फसव्या ईमेलला कंपनीच्या बाजूनेही उत्तर गेलं होतं, म्हणून पूर्ण रक्कम मिळाली नाही. पण बँकेची सुरक्षा कमी पडली हे मान्य झालं. नव्या कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू होतील तेव्हा हे ४३अ कलम रद्द होणार आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचा कायदा बघा. त्याचं नावच ‘ग्राहक प्रायव्हसी कायदा’ आहे. १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. तिथे कंपनीच्या निष्काळजीपणामुळे माहिती चोरीला गेली, तर प्रत्येक ग्राहकाला प्रत्येक घटनेमागे १०० ते ७५० डॉलर मागता येतील अशी सोय कायद्यातच ठेवली. नेमकं किती नुकसान झालं हे सिद्ध करत बसायला नको. महाराष्ट्राचा असा वेगळा प्रायव्हसी कायदा नाही.

मग आपल्याकडे भरपाईसाठी राहतं काय? फिरून तोच ग्राहक कायदा. जळगावचा आणि धुळ्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. म्हणून म्हणतो, प्रायव्हसीची लढाई आपल्यासाठी दिल्लीत कमी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जास्त आहे.

लोन ॲप: खरा धोका

आता सगळ्यात गंभीर भाग. विशेषतः कॉलेजातल्या पोरापोरींनी ऐका.

समजा, शिरपूरचा एक मुलगा जळगावला शिकतो. खोलीभाडं थकलं, घरी सांगायची लाज वाटते. ॲपवरून ५ हजार घेतले. ॲपने कॉन्टॅक्ट, गॅलरी सगळं मागितलं, त्याने दिलं. हातात आले साडेतीन हजार, आठवड्यात मागितले साडेपाच. नाही दिले, तर मामाला फोन, वर्गातल्या मुलींना मेसेज, फोटोत फेरफार करून गावच्या ग्रुपवर. मोठ्या शहरात शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो. आपल्याकडे एक मेसेज सकाळी गेला, की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. माहिती फुटण्याची किंमत लहान गावात जास्त असते. हे फक्त पाच हजारांचं प्रकरण राहत नाही, पोरं जिवाचं बरंवाईट करायला निघतात.

म्हणून नीट ऐका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्जाच्या ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोनमधल्या फाईल्स, फोटो यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माईक, लोकेशन फक्त एकदा, केवायसीपुरतं, तेही तुमच्या संमतीने. पैसे थेट बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या खात्यातून तुमच्या खात्यात आले पाहिजेत. आणि एकूण खर्च किती, हे सांगणारं मुख्य तथ्य पत्रक आधी मिळालं पाहिजे. म्हणजे कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले, की तिथेच समजायचं आणि ॲप काढून टाकायचं. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर अशा ॲपची यादीही आहे. त्यात नाव शोधा.

त्रास सुरू झालाच असेल, तर आधी एक प्रश्न सोडवा. ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली संस्था आहे का? असेल, तर तिच्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा नंबर. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, की अशा नोंदणीकृत वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणून तिथे रिझर्व्ह बँकेचाच रस्ता.

मागे अशी कुठलीच संस्था नसेल, तर ती सरळ बेकायदा सावकारी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा आपल्या राज्याचा कायदा. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वसुलीसाठी कर्जदाराच्या मागे लागणं, घराजवळ घुटमळणं, धमकावणं हाही गुन्हा. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात. गल्लीतल्या विनापरवाना सावकारालाही हाच कायदा. आणि फोटो, धमक्या, बदनामी सुरू झाली तर वाट न बघता १९३० वर फोन आणि सायबर पोलिसांकडे तक्रार. पहिली गोष्ट मात्र घरच्यांना सांगा. त्यांना तुमच्या तोंडून कळलं, की त्या गुंडाच्या हातात काही उरत नाही.

तक्रार करायची कशी

आता ग्राहक आयोगाचा रस्ता. ऐकायला वाटतो तेवढा अवघड नाही.

आधी दुकानाला किंवा कंपनीला लेखी कळवा. ईमेल करा, व्हॉट्सअ‍ॅप करा, पण लेखी. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंदवा, मराठीत बोलता येतं. तिथे आदेश निघत नाही, पण बरीच भांडणं तिथेच मिटतात. नाही मिटलं, तर जिल्हा आयोग. ५० लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तू-सेवेची तक्रार तिथे चालते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाईन तक्रार दाखल होते. आणि कंपनी बंगळुरूची असली, तरी तुम्ही चोपड्यात राहत असाल तर जळगावला, साक्रीत राहत असाल तर धुळ्याला तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती, ती २०१९ च्या कायद्याने दिली. मुदत मात्र दोन वर्षं.

कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आधीच मनात धरा. अजून एक अट लक्षात ठेवा. ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. पूर्ण फुकट ॲपबद्दल ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड जातं.

आता तो सिद्ध करण्याचा मुद्दा. माहिती कुणी फोडली हे दाखवायचं कसं? जीमेल वापरत असाल तर एक युक्ती आहे. तुमच्या पत्त्यात ॲटच्या खुणेआधी अधिकचं चिन्ह टाकून दुकानाचं नाव लिहा. मेल तुम्हालाच येतो. उद्या भलत्याच कंपनीचा मेल त्या पत्त्यावर आला, तर कुठून गेलं ते कागदावर आलं! फोन आला तर कापण्याआधी विचारा, नंबर कुठून मिळाला, कंपनी कोणती. तारीख, वेळ लिहून ठेवा. स्क्रीनशॉट काढा, मूळ मेसेज पुसू नका. डिजिटल पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ज्या फोनवर तो आला तो फोन जपा.

माझं ऐकून कुणी प्रत्येक दुकानात वकिली सुरू करू नका. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, तो आपल्यासारखाच दहा-बारा हजारांवर राबणारा आहे. पण मालकाला कळू द्या, की गिऱ्हाईक विचारायला लागलंय. सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा वजनकाटा तपासून मागणारा माणूसही तुसडाच ठरत होता. आज कुणी त्याला नावं ठेवत नाही. नंबरचंही तसंच होईल, फक्त सुरुवात कुणीतरी करायला पाहिजे.

या आठवड्यात एकच काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये जा, कोणकोणत्या ॲपला कॉन्टॅक्टची परवानगी आहे ते बघा, आणि ज्याला गरज नाही त्याची बंद करा. स्वतःचं झालं, की आईचा आणि बाबांचा फोन घ्या. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. पण हो, कळवताना तुमचा नंबर लिहू नका!

भेटू पुढच्या भागात. राम राम.